संपाच्या मागण्यांत बिंदूनामावली कुठे आहे?

विद्यापीठातले कर्मचारी संपावर गेले की बड्या वर्तमानपत्रांना एकाएकी विद्यार्थ्यांचा पुळका येतो. परीक्षा लांबल्या, निकाल रखडले, गुणपत्रिका मिळेनात, अशा मथळ्यांनी पाने भरून जातात. वर्षाचे उरलेले दिवस हेच विद्यार्थी शिष्यवृत्तीच्या खिडकीपुढे ताटकळत उभे असतात, तेव्हा त्यांची बातमी होत नाही. खिडकीआडची खुर्ची रिकामी का, हेही कोणी विचारत नाही. आम्ही आज तो प्रश्न विचारणार आहोत. तो सरकारला जितका विचारायचा आहे, तितकाच कर्मचाऱ्यांच्या सेवक संघांना आणि महासंघांनाही विचारायचा आहे.

प्रथम ज्याचे माप त्याच्या पदरात टाकू. या संघटनांनी लढून मिळवलेले थोडेथोडके नाही. कोरोनाच्या काळात सप्टेंबर २०२० मध्ये, अंतिम वर्षाच्या परीक्षा तोंडावर असताना, राज्यातील अकृषी विद्यापीठांच्या कर्मचाऱ्यांनी लेखणी बंद केली. त्यानंतरच १ नोव्हेंबर २०२० पासून सातव्या वेतन आयोगाचा पगार हाती पडू लागला. पण १ जानेवारी २०१६ ते ३१ ऑक्टोबर २०२० या ५८ महिन्यांची थकबाकी लोंबकळत राहिली. विद्यापीठांतील १४१० कर्मचारी तर आयोगाबाहेरच राहिले. म्हणून २० फेब्रुवारी २०२३ पासून विद्यापीठे आणि महाविद्यालये या दोन्हींतील शिक्षकेतर कर्मचारी बेमुदत संपावर गेले. रद्द केलेली आश्वासित प्रगती योजना पुन्हा लागू करा, १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतरचे लाभ द्या, वंचित १४१० जणांना आयोग द्या, थकबाकी द्या, रिक्त पदे भरा, १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन द्या, या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. यातली एकही मागणी अवास्तव नव्हती. भीक तर कोणतीच नव्हती.

'शिक्षकेतर' हा शब्दच वाचकांनी एकदा नीट पाहावा. जो शिक्षक नाही तो शिक्षकेतर. माणूस काय करतो हे न सांगता तो काय नाही एवढेच सांगणारे हे नाव आहे. नकारातून नाव मिळालेल्या माणसाची गत काय होते, हे आमच्या समाजाला नव्याने सांगायला नको. विद्यापीठाचा प्रवेश, पात्रता, परीक्षा, निकाल, पदवी, शिष्यवृत्ती हा सगळा गाडा ज्याच्या खांद्यावर चालतो, त्याला साधे सरळ नावही मिळालेले नाही. त्याने संघटना केली, झेंडा उभारला, म्हणून निदान दर काही वर्षांनी सरकारला त्याची आठवण होते.

आता ही लढाई डोंगरावरून कशी दिसते ते पाहू. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ सुरू झाले. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूरचे विद्यापीठ वेगळे झाले आणि या विद्यापीठाकडे कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे राहिले. महाबळेश्वर हे या कार्यक्षेत्राचे डोंगरी टोक. पाहुण्यांना ते स्ट्रॉबेरी, घोडे आणि पॉइंट यांच्यासाठी ठाऊक असते आणि संघटनांच्या पुढाऱ्यांना थंड हवेतल्या शिबिरांसाठी. पण याच तालुक्यात कोयनेच्या जलाशयाच्या काठाने तापोळ्याच्या खोऱ्यात पसरलेल्या वाड्यावस्त्या आहेत. शेजारच्या पाचगणीच्या निवासी शाळांत देशभरातल्या श्रीमंतांची मुले शिकतात. खोऱ्यातल्या मुलामुलींना मात्र पदवीसाठी घाट चढून महाबळेश्वर गाठावे लागते, नाहीतर खाली मेढा, वाई, सातारा. विद्यापीठाचे मुख्य कार्यालय तेथून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. नावातली चूक दुरुस्त करायला कोल्हापूरला जायचे तर जाण्यायेण्यात सगळा दिवस आणि घरच्या माणसाची दोन-तीन दिवसांची मजुरी जाते.

अशा ठिकाणी महाविद्यालयातला लिपिक हाच विद्यार्थ्यासाठी विद्यापीठ असतो. कुलगुरू त्याला फोटोतही ओळखता येत नाहीत, पण लिपिक ओळखता येतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. प्रवेश, पात्रता अर्ज आणि शिष्यवृत्तीची धावपळही याच महिन्यांत सुरू होते. वीज गेली, इंटरनेट तुटले, घाटात दरड आली, तरी पोर्टलची तारीख थांबत नाही. मैदानी गावातल्या कर्मचाऱ्याचे काम आणि डोंगरावरच्या कर्मचाऱ्याचे काम यांचा पगार एक असेल, पण ओझे एक नसते.

आमचा मुद्दा समजायला शिष्यवृत्तीचा प्रवास ध्यानात घेतला पाहिजे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आज महाडीबीटी पोर्टलवरून मिळते. विद्यार्थी अर्ज भरतो. तो प्रथम महाविद्यालयातल्या लिपिकाच्या संगणकावर येतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, बँकेला जोडलेला आधार क्रमांक हे सगळे त्याने पाहायचे. त्याने पुढे सारल्यावर अर्ज प्राचार्यांकडे जातो आणि तेथून जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाकडे. पहिल्याच टेबलावर माणूस नसेल तर अर्ज तेथेच पडून राहतो. मंत्रालयात बसून योजनेच्या कितीही जाहिराती केल्या तरी तो अर्ज इंचभरही पुढे सरकत नाही. एक लिपिक निवृत्त होतो, त्याची जागा भरली जात नाही, त्याचे टेबल उरलेल्या एकाच्या गळ्यात पडते. परीक्षेची घाई असते, म्हणून शिष्यवृत्तीची फाईल मागे राहते. तिकडे फी भरली नाही म्हणून मुलीला गुणपत्रिका अडवण्याची धमकी मिळते. घरचे म्हणतात, पुरे झाले शिक्षण. रिक्त पद हा सरकारी तक्त्यातला नुसता आकडा वाटतो. आमच्या वस्तीत त्या आकड्याचा अर्थ 'मुलीचे कॉलेज सुटले' असा होतो.

म्हणूनच कर्मचाऱ्यांची 'रिक्त पदे भरा' ही मागणी आम्हाला आमचीच मागणी वाटते. पण येथेच आमचा प्रश्न उभा राहतो. पदे भरा हे खरे, ती कोणत्या बिंदूवर भरा? आरक्षणाचा अनुशेष किती, तो कोणत्या संवर्गात, कधीपासून? संपाच्या प्रमुख मागण्यांत हा प्रश्न वेगळा मांडलेला नव्हता. बिंदूनामावली ही प्रशासनाची बाब, मागासवर्गीय कक्षाची बाब, फार तर मागासवर्गीय कर्मचारी संघटनेची बाब, असे समजून सर्वसाधारण संघटना ती बाजूला ठेवतात. पगाराचा प्रश्न सर्वांचा आणि आरक्षणाचा प्रश्न 'त्यांचा', ही वाटणी कोणी केली?

कोल्हापूरच्या मातीत तरी ही वाटणी शोभत नाही. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. शाहू जयंतीला या हुकमाचा उल्लेख सगळेच करतात. त्याच हुकमाचा शेवटचा भाग फारसा कोणी सांगत नाही. महाराजांनी सर्व खातेप्रमुखांना बजावले होते की, हुकमानंतर केलेल्या नेमणुकांचे तिमाही पत्रक सादर करा. जागा राखून ठेवल्या तरी कारकुनी हातचलाखीत त्या कशा गिळल्या जातात, हे त्या राजाला पक्के ठाऊक होते. म्हणून हुकमाबरोबर त्यांनी हिशेबही मागितला. आजची बिंदूनामावली म्हणजे शाहूंच्या त्या तिमाही पत्रकाचीच वारस आहे. आणि तो हुकूम निघाला होता सरकारी नोकऱ्यांसाठी. आज ज्यांना आपण कर्मचारी म्हणतो, त्यांच्याच खुर्च्यांसाठी!

स्वतंत्र भारतात शाहूंच्या हुकमाला कायद्याचे बळ मिळाले. महाराष्ट्राचा लोकसेवा आरक्षण कायदा २००१ मध्ये विधिमंडळाने केला आणि तो २९ जानेवारी २००४ पासून अमलात आला. अनुसूचित जातींना १३ टक्के, अनुसूचित जमातींना ७ टक्के, इतर मागासवर्गीयांना १९ टक्के, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्ग धरून एकूण ५२ टक्के जागा त्याने राखल्या. हा कायदा विद्यापीठांना लागू आहे आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या महाविद्यालयांनाही. पदोन्नतीतील आरक्षणही याच कायद्यात होते. पण ४ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पदोन्नतीतील आरक्षणाचा २५ मे २००४ चा शासन निर्णय रद्द ठरवला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले खरे. पण ७ मे २०२१ रोजी त्याच सरकारने पदोन्नतीच्या सर्व जागा सेवाज्येष्ठतेने भरण्याचा निर्णय काढला. कोर्टात बाजू मांडायची आणि मंत्रालयात पाय मागे घ्यायचा, हा दुटप्पीपणा मागासवर्गीय कर्मचाऱ्यांनी तेव्हा उघड्या डोळ्यांनी पाहिला.

येथे आश्वासित प्रगती योजना आणि पदोन्नती यांतला फरक समजून घेतला पाहिजे. प्रगती योजनेत बढती न मिळालेल्या माणसाला ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी मिळते. ती मिळालीच पाहिजे. तिने घरात पैसे येतात, मुलांची फी भरली जाते. पण खुर्ची बदलत नाही. कनिष्ठ लिपिकाचा वरिष्ठ लिपिक, त्याचा अधीक्षक, पुढे सहायक कुलसचिव, उपकुलसचिव, या शिडीवर कोण चढला यावर फाईलवर शेवटची सही कोणाची हे ठरते. मागासवर्गीय माणसाला वरच्या श्रेणीचा पगार देऊन खालच्याच टेबलावर बसवून ठेवले, तर पैशाची तक्रार मिटते आणि सत्तेची वाटणी जिथल्या तिथे राहते. संघटनेने पैशासाठी संप करावा आणि खुर्चीबद्दल मौन बाळगावे, हे अर्धेच काम झाले.

बाबासाहेबांनी हाच प्रश्न फार पूर्वी विचारला होता. १९२८ च्या मुंबईतील गिरणी संपाच्या वेळी अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेतले जात नसे. तेथे मजुरी जास्त होती. पण तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे आणि त्याचा सवर्ण कामगारांना विटाळ होई! कामगार सगळे एक, मालक सगळ्यांचा शत्रू, असे संपाचे पुढारी सांगत होते. बाबासाहेबांनी त्यांना सवाल केला की, मग ही बंदी उठवण्याची मागणी तुमच्या यादीत का नाही? दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. गँगमन म्हणून लागलेला अस्पृश्य गँगमन म्हणूनच म्हातारा होतो, त्याला स्टेशनात हमालाची जागाही मिळत नाही, हे त्यांनी तेथे दाखवून दिले. पदोन्नतीचा प्रश्न तो हाच. आणि हेच बाबासाहेब त्याच वर्षी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून एक दिवसाच्या संपात उतरले. संघटनेला खडे बोल सुनावणारा माणूस संघटनेचा वैरी असतो, असे समजणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी एकत्र वाचाव्यात.

आता ठेकेदारीकडे येऊ. आरक्षण संपवायला घटना बदलण्याची गरज नाही, पद संपवले की पुरते. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतील शिपायाच्या पदाऐवजी ठोक भत्ता आणला. मुंबई-पुण्यात महिना १० हजार, इतर महापालिका क्षेत्रांत साडेसात हजार, ग्रामीण भागात ५ हजार. म्हणजे महाबळेश्वरसारख्या तालुक्यात कायम पद जाऊन त्याच्या जागी पाच हजार रुपये आले! पुढे ६ सप्टेंबर २०२३ रोजी नऊ कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय निघाला. तरुणांनी राज्यभर रान उठवल्यावर ऑक्टोबरमध्ये सरकारने तो मागे घेतला. कागद मागे घेतला, पद्धत मात्र मागे गेली नाही. विद्यापीठांच्या आवारात पहारा कोण देतो, संडास कोण धुतो, पाने कोण झाडतो? ठेकेदाराची माणसे. ठेकेदाराच्या यादीला बिंदू नसतो. तेथे ना जाहिरात, ना परीक्षा, ना अनुशेष. झाडूच्या कामात मात्र आमच्या समाजाला कधी आरक्षण मागावे लागले नाही, ते जन्माबरोबरच मिळत आले. जेथे पगार कायम तेथे आमची जागा रिकामी आणि जेथे पगार अर्धा तेथे आमची गर्दी, असे हे नवे चातुर्वर्ण्य आहे.

खर्च वाचतो म्हणून ठेकेदारी, असे सांगितले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये जगजितसिंग प्रकरणात तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामाला समान वेतन मिळाले पाहिजे असे सांगितले. २० डिसेंबर २०२४ रोजी जग्गो प्रकरणात, केंद्रीय जल आयोगाच्या कार्यालयात वर्षानुवर्षे साफसफाई आणि बागकाम करणाऱ्यांना कायम करण्याचा आदेश दिला. काम कायमचे असेल तर माणूस तात्पुरता ठेवून त्याची पिळवणूक करता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. सफाईचे काम दररोजचे आहे. मग हे निकाल हाती घेऊन आपल्याच आवारातल्या सफाई कामगारासाठी कायम कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी पुढे यायला नको काय? त्याच्या भविष्य निर्वाह निधीची पावती कधी कोणी तपासली? किमान वेतन त्याच्या हातात पडते की मधेच गळते, हे कोणी पाहिले? कायम कर्मचाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, आज ठेकेदाराचा माणूस झाडू घेऊन आला आहे, उद्या तो संगणकापुढे बसेल. कायम माणसे निवृत्त होतील तसे सभासद घटतील आणि एक दिवस संघटनेचा फलक राहील, संघटना राहणार नाही.

दोष एकट्या सर्वसाधारण संघटनांच्या माथी मारून मोकळे होणे आम्हाला मान्य नाही. मागासवर्गीय कर्मचाऱ्यांच्या संघटनांनीही आरशात पाहिले पाहिजे. जयंतीची वर्गणी वेळेवर जमते, निवृत्तांचे सत्कार होतात, दिनदर्शिका निघते. यातले काहीच वाईट नाही. पण कार्यकारिणीतल्या किती जणांना आपल्या आस्थापनेची बिंदूनामावली वाचता येते? ती पुण्याच्या विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाने शेवटची कधी तपासली, हे किती जण सांगू शकतात? आणि नोकरी लागल्यावर वस्तीकडे पाठ फिरवणाऱ्या साहेबांबद्दल तर न बोललेले बरे. खिडकीआड आपला माणूस बसला आहे, याचा खिडकीबाहेरच्या आपल्या लेकराला काही उपयोग झाला पाहिजे की नाही?

मग करायचे काय? आमच्या मते काम अवघड नाही, फक्त नेमाने करायला हवे. विद्यापीठ आणि संलग्न महाविद्यालयांची संवर्गनिहाय बिंदूनामावली दर तीन महिन्यांनी फलकावर लावा, ही मागणी सर्वसाधारण संघटना आणि मागासवर्गीय संघटना यांनी एका पत्रावर दोघांच्या सह्यांनी करावी. माहिती अधिकार कायदा २००५ च्या चौथ्या कलमाने कर्मचाऱ्यांची यादी आणि त्यांचे वेतन सार्वजनिक संस्थेने आपणहून जाहीर करणे बंधनकारकच केले आहे. त्या यादीशेजारी बिंदू छापायला शाई कितीशी लागणार? दुसरे, ठेकेदाराकडच्या कामगारांना संघटनेत सहसभासद म्हणून घ्यावे आणि त्यांच्या वेतनाच्या पावत्या दर महिन्याला तपासाव्यात. तिसरे, पुढाऱ्यांनी वर्षातून एकदा पावसाळ्यात डोंगरावरच्या महाविद्यालयांत जावे. शिबिरासाठी नव्हे, कार्यालयातली रिकामी टेबले मोजण्यासाठी. पदवीधरांचे, शिक्षकांचे प्रश्न अधिसभेत गाजतात. डोंगरावरच्या एकट्या लिपिकाचा प्रश्नही तेथे पोचला पाहिजे आणि तो पोचवणे हे संघटनेचे काम आहे.

यासाठी आम्ही एक तारीख सुचवतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरमध्ये भिवा रामजी आंबेडकर हे नाव लिहिले गेले. २०१७ पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. १९३८ चा कामगारांचा संपही याच तारखेचा. विद्यार्थी आणि कामगार यांना जोडणारा याहून योग्य दिवस दुसरा कोणता असणार? येत्या ७ नोव्हेंबरला सातारा, सांगली, कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या फलकावर दोन कागद लागले पाहिजेत. एक बिंदूनामावलीचा आणि दुसरा प्रलंबित शिष्यवृत्ती अर्जांचा. पहिल्या कागदावरची रिकामी चौकट आणि दुसऱ्यावरचे अडकलेले नाव शेजारीशेजारी आले की हा प्रश्न कोणाला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

कर्मचारी बांधवांनो, पुढचा संप कराल तेव्हा आम्ही तुमच्या बाजूने उभे राहू. बडी वर्तमानपत्रे विद्यार्थ्यांना तुमच्याविरुद्ध उभे करतील. त्या वेळी विद्यार्थी स्वतःहून तुमच्या मांडवात येऊन बसावा असे वाटत असेल, तर त्याची फाईल आजच पुढे सरकवा. आणि मागण्यांची यादी टंकायला घ्याल तेव्हा बिंदूनामावलीची मागणी तळटीपेत ढकलू नका, पगाराच्या मागणीशेजारी लिहा.